आधी राब

खोडाळ्यापुढच्या एका पाड्यावर, शाळेच्या ओट्यावर बसून मी मुलांची चाचणी घेत होते. पुण्यात तयार केलेली चार चित्रं होती: पेरणी, लावणी, कापणी आणि शेतातली आग. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कामांचा क्रम लावायचा. शब्दच ठेवले नाहीत, म्हणजे घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांवर अन्याय नको. या हुशारीचा मला फार अभिमान होता.

तिसरीतल्या एका मुलीने आग सर्वांत आधी ठेवली. माझ्या उत्तरसूचीत ती शेवटी होती. कापणीनंतर धसकटं जाळतात ना! मी फुली मारली. ही वर्गात तोंडच उघडत नाही, असं गुरुजी म्हणालेच होते. दारात तिची आई उभी होती. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर जाणार होती. "हिला शिकाया जमत नसल तं संगं नेन, जमत असल तं आजीकडं ठेवन," असं तिने सकाळीच सांगितलं होतं. तरी मी फुली मारली, याची आज लाज वाटते.

पुढच्या मुलीनेही आग आधी ठेवली. मग सगळ्यांनीच! नाचता येईना अंगण वाकडं, तशी माझी गत. मी पहिलीला परत बोलावलं. "आग आधी का? तुझ्या भाषेत सांग."

काय सुटली पोर! फांद्या, पाला, शेण जमिनीवर पसरायचं, पावसाआधी जाळायचं, त्या राखेत बी टाकायचं: हाच राब. तिचं बोलणं मला मराठीत सांगता सांगता गुरुजी दमले. शेवटी तिनेच मला विचारलं, "राब नाय भाजला तं रोप कसां येल?"

मी आनंदाने उठलेच. तिच्या आईला म्हटलं, "बाई, हिचं बरोबर, माझं चूक!"

आई हसली नाही. "एवढां तं तिला येतंच. त्याला साळा कशाला?"

गुरुजींनी खडू घेतला आणि मुलीचा तो प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला. ती अक्षरांवर बोट ठेवत अडखळली, थांबली. मग तिने एकदम आपलंच वाक्य ओळखलं, आणि मोठ्याने, हसत, पुन्हा पुन्हा वाचू लागली.

आई फळ्याजवळ आली. तिला वाचता येत नव्हतं.

"हां हिचाच बोलना लिवलाय?"

"हो," गुरुजी म्हणाले.

"मंग ऱ्हाऊं दे हिला आजीकडं," आई म्हणाली.