पायाचे अंगठे

कर्जतहून चौकला जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त तो माझ्या शेजारी बसायचा. नेहमी पुढच्या बाकावर, कारण मागे गचके फार. नाव मी कधी विचारलं नाही. चाळिशीचा असेल. लावणीला वाकता येईना म्हणून भात सोडून भावाच्या गॅरेजवर नटबोल्ट निवडायला जायचा.

त्याच्या मणक्यात पाण्याने भरलेली गाठ होती. कॅन्सरबिन्सर नाही, साधी आहे, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. फुटली तर पाय जातील, हेही सांगितलं होतं.

"साधी हाय," तो म्हणायचा, "फुटत नाय तवर."

खड्डा दिसला की तो समोरची दांडी धरून बाकावरून अर्धवट उठायचा. गचका बसून गेला की चपला काढून पायाचे अंगठे हलवून बघायचा. हलले की मगच खिडकीबाहेर नजर. पुढे पुढे मीही रस्ता सोडून त्याचे अंगठेच बघू लागलो. कधी घरी बसल्या बसल्या, उगीचच, माझेही हलवून बघे.

एका सकाळी म्हैस आडवी आली. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. दांडी धरायलाही वेळ मिळाला नाही. तो पुढे फेकला गेला आणि परत बाकावर आदळला. माझं मनगट धरून म्हणाला, "गुरुजी, अंगठे बघा. माज्यानं बघवत नाय."

मी वाकून त्याच्या चपला काढल्या. अंगठे हलत नव्हते. उजवा अंगठा चिमटीत घट्ट दाबून मी विचारलं, "कळतंय का?"

"आदी हात तरी लावा," तो म्हणाला.