लाल दोरी आणि फुगलेले गाल

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात बँकेच्या रांगेत उभा होतो. मेहुणा विनोद एवढंच म्हणाला, "आबा गेले. तुमी निघा." मी आणि बायको मिळेल त्या बसने निघालो. मूर्तिजापूर आलं तेव्हा खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "आता दूधवाला सुटला बिचारा..." आणि तिला रडू कोसळलं.

आबा म्हणजे माझे सासरे. अमरावतीला राजापेठेत राहायचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, पण जगाची उत्तरपत्रिका तपासणं त्यांनी सोडलं नाही. दूधवाल्याच्या कॅनमध्ये बोट बुडवून ते बोट उजेडात धरायचे. माझ्या वडिलांनी वरूडहून संत्र्यांची पेटी पाठवली, की आधी खालचा थर उघडून बघायचे. सत्यनारायणाच्या पूजेत एकदा भर पोथीत गुरुजींना थांबवून म्हणाले होते, "महाराज, मधातला एक अध्याय गिळला तुमी." गुरुजींनी निमूट पानं मागे उलटली. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्या झोळीतलं पुस्तक त्यांनी स्वतःच बाहेर काढलं, मधलंच पान उघडलं आणि विचारलं, "याच्यात काय हाये, सांगा बरं." मी सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य म्हणाले, "गाल फुगलेले दिसले म्हनजे आवाज निघतेच असं नाई." हे वाक्य ते दुकानदाराला, पुढाऱ्याला, स्वतःच्या मुलालाही ऐकवायचे. ते आलं कुठून, हे घरात कुणी कधी विचारलं नाही.

आतल्या खोलीच्या दारामागे एका खिळ्यावर त्यांची लाल दोरी टांगलेली असे. तरुणपणी ते गावातल्या एका बिगूल पथकात होते. पथकातून बाहेर पडताना प्रत्येकाला खांद्यावरून लोंबणारी त्याची गोंड्याची दोरी निशाणी म्हणून मिळे. बिगूलवाल्यांची लाल, ड्रमवाल्यांची हिरवी. ती आयुष्यात कधी धुवायची नाही. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला जुनी माणसं आपापली दोरी बांधून नव्या मुलांच्या मागे रांगेत उभी राहत. माणूस गेला की दोरी पथकाच्या खोलीत परत जायची, तिथल्या त्याच्या नावाच्या खुंटीवर. दोरी टांगताना त्या माणसाची आवडती धून वाजायची. आबा हे सगळं अभिमानाने सांगत. त्या दोन सकाळी ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत, दोरी बांधत आणि आरशासमोर बराच वेळ उभे राहत.

मला मात्र त्या दोरीविषयी बरीच वर्षं शंका होती. मी ग्रंथपाल माणूस. बोलतो कमी, बघतो जास्त. आबांची बोटं कधी स्थिर नसत. जेवणाची वाट बघताना ते पाटावर ताल धरत, हाताशी दोन पेन्सिली असल्या तर पेन्सिलींनी. आणि त्या वेळी डावा तळहात वर वळलेला असे, पेन्सिल अंगठ्याच्या बेचक्यात. पट्ट्याने खांद्याला लावलेला ड्रम वाजवणारेच काठी अशी धरतात, हे मी मिरवणुकांमध्ये नीट पाहिलं होतं. एकदा चांदूर बाजारच्या जत्रेतून आमच्या मुलीने पिपाणी आणली आणि ती हट्टाला पेटली, "आबा, तुमी वाजवा ना." आबांनी पिपाणी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि परत दिली. म्हणाले, "दात हालतात माहे." त्याच वर्षी दिवाळीत त्यांना दातांनी ऊस सोलताना मी पाहिलं होतं. मग माझ्या मनात आलं, ही दोरी यांची नाहीच. पण दुसऱ्या कुणाची असेल तर ती यांच्याकडे कशी आली? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मलाच कॅनमधल्या दुधासारखं उजेडात धरलं असतं.

तेरावं झालं आणि हरिभाऊंचे फोन सुरू झाले. हरिभाऊ पथकातले सगळ्यात जुने बिगूलवाले, आता पथकाची खोली तेच सांभाळतात. "दोरी कवा आनता?" एकदा, दोनदा, पुन्हा. विनोद वैतागला. "भाऊजी, त्या मळक्या दोरीत असं काय हाये? हा बुढा काहून मागं लागला?" मलाही तेच वाटत होतं. त्यात शेवटच्या फोनवर हरिभाऊ म्हणाले, "त्याची धून कोनती, ते घरी इचारून ठेवा." हा माणूस रांगेत आबांच्या शेजारी उभा राहायचा. त्याला धून ठाऊक नाही? की दोरी कुणाची हे त्यालाही कळलंय आणि तो आमची परीक्षा घेतोय? मी सासूबाईंना, माईंना, विचारलं. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले काय मालूम? घरात त्यांनी कधी शिट्टीबी नाई वाजवली." मग उठल्या, दोरी खिळ्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली. "तुमीच द्या नेऊन, जवाईबापू. नाव लागलं पायजे त्यांचं तिथं. दुसरं काई मागितलं नाई त्यांनी."

म्हणून मी गेलो, पण भीत भीत. दोरी दुसऱ्याची निघाली असती तर माईंना काय सांगणार होतो?

मैदानावर सव्वीस जानेवारीचा सराव सुरू होता. पथकात आता मुलीही आहेत. हरिभाऊंनी मला खोलीत बसवलं, दोरी घेतली, गोंडा बोटांनी चाचपला, नाकाजवळ नेला. मग माझ्याकडे रोखून पाहिलं.

"धून इचारली?"

"घरी कुणाला माहीत नाही."

"त्यानं कधीच काई सांगतलं नाई?"

"नाही." मग धीर करून मी म्हणालो, "हरिभाऊ, दोरी त्यांचीच आहे ना?"

त्यांनी दोरी मांडीवर सरळ केली. "तुमचा सासरा ड्रमवर होता," ते म्हणाले. "ऐन परेडच्या आधी आमचा एक बिगूलवाला नोकरीवर निघून गेला. रांगेत खिंडार पडलं. हा उंच. पथकाचे मास्तर म्हनले, बिगूल तोंडाले लाव, गाल फुगव, उभा राह्य. फुंकू नको. एका परेडीचं काम होतं. पन रांग अशी सरळ दिसली, की मास्तरनं त्याले मंग सोडलंच नाई. माह्या डाव्या बाजूनं कधी आवाज आला नाई, बाप्पा. मास्तर सोडले तं मलेच मालूम होतं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काहून बोलू? आमी सारे फुंकता फुंकता पाय चुकत होतो. तो ड्रमवाला, त्याचा पाय कधी चुकला नाई. त्याच्या पायावर आमची लाईन चालत होती." मग किंचित कुरकुरत म्हणाले, "दोरी त्याचीच हाये. फुंकर नाई तिच्यात, एवढंच."

फोनवर त्यांनी धून का विचारली, ते मला आत्ता कळलं. आबांनी घरी काय सांगून ठेवलंय, याचा त्यांना अंदाज घ्यायचा होता. घरच्यांनी एखादं नाव सांगितलं असतं तर त्यांनी ती धून मुकाट वाजवून घेतली असती.

हरिभाऊंनी मैदानावर रांग उभी केली. आबांच्या जागेवर दोन वेण्यांची एक मुलगी होती. ते म्हणाले, "बिगूल वर. गाल फुगवा. कोनी फुंकायचं नाई." मुलं एकमेकांकडे बघू लागली. त्या मुलीने विचारलं, "काका, मंग वाजवायचं काय?" हरिभाऊ म्हणाले, "पाय." एकट्या ड्रमवर साधी चाल सुरू झाली, आणि ती रांग बिगूल ओठांना लावून, गाल फुगवून, मैदानाच्या टोकापर्यंत मुक्याने चालत गेली. माझी नजर सवयीने पायांवर गेली. कुणाचा चुकतोय का, ते बघत होतो. आबांनीही तेच केलं असतं. मग खोलीत येऊन हरिभाऊंनी दोरी आबांच्या नावाच्या खुंटीवर टांगली.

हे लिहू का, असं मी त्यांना विचारलं. "लिवा," ते म्हणाले, "पन माहं नाव बदला." ते मी बदललं आहे.

राजापेठेत परतलो तेव्हा माई दारातच उभ्या होत्या.

"लागली खुंटीले?"

"लागली."

"धून वाजवली त्यांची?"

"वाजवली," मी म्हणालो. "छान वाजली."

माईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आबा बघायचे तसंच, न हलता. मग त्यांच्या ओठांच्या कडेला बारीक हसू आलं. "गाल फुगवून नका सांगू, जवाईबापू," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

दारामागचा खिळा अजून तिथेच आहे. त्याच्याखाली भिंतीवर दोरीच्या आकाराचा फिकट पट्टा उरला आहे. विनोदने घराला रंग द्यायचं काढलं तेव्हा माईंनी त्याला सांगितलं, "तेवढी भिंत राहू दे." का, ते त्याने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.