दार मिटेपर्यंत

लिफ्टदुरुस्तीत मामांची बावीस वर्षं गेली. मामा म्हणजे सगळ्या कंपनीचे मामा. चालत्या लिफ्टच्या टपावर बसून चहा पिणारा हा माणूस गेल्या वर्षी एका बंद लिफ्टमध्ये तीन तास अडकला, आणि तेव्हापासून दार मिटू लागलं की त्यांचे हातपाय गार पडायचे. सहाव्या मजल्यावरच्या घरीही ते जिन्यानं जायचे. शेवटी साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, "एक तारखेला एकट्यानं वर जाऊन दाखवा मामा. नाहीतर दुसरा माणूस घ्यावा लागेल."

म्हणून ते मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागले. तिथं भीतीवर औषध भीतीचंच. आधी उघड्या लिफ्टमध्ये नुसतं उभं राहायचं, मग दार मिटू द्यायचं, मग एक मजला, मग दोन. भीती शंभरात किती ते सांगायचं आणि ती उतरेपर्यंत हलायचं नाही. नव्वदाचे सत्तर झाले, सत्तराचे तीस. एका संध्याकाळी ते घरी लिफ्टनं पोचले.

"अगंबाई, धापा न टाकता!" बायको म्हणाली.

चाचणीला दोन दिवस उरले असताना बाईंनी विचारलं, "मामा, उजवा हात सारखा खिशात का असतो?"

मामा ओशाळले. खिशातून लिफ्टचं दार उघडायची किल्ली निघाली.

"ही आतून लागते?"

"छे! बाहेरूनच. आत काडीचा उपयोग नाही."

"मग?"

"असते आपली. जिवाला आधार."

बाई म्हणाल्या, "म्हणजे वर गेलात ते हिच्या भरवशावर. हिच्याशिवाय पहिल्यापासून करावं लागेल."

"परवा चाचणी आहे हो!"

चाचणीच्या सकाळी बायकोनंच किल्ली त्यांच्या खिशात कोंबली. "बाईंचं राहू द्या. आधी नोकरी टिकवा, मग बरे व्हा."

साहेबांसमोर मामा आत शिरले. किल्ली घट्ट धरली, पण आता तो नुसता लोखंडाचा तुकडा होता. दार मिटू लागलं तसा त्यांचा पाय आपोआप फटीत गेला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ते बाहेरच आले.

साहेबांनी दुसऱ्या मेकॅनिकला हाक मारली. तो शीळ घालत आत गेला, लिफ्ट वर निघाली. मामा बंद दाराला कान लावून उभे राहिले.

"चौथ्यावर घासतंय," ते म्हणाले. "डावीकडची पट्टी सैल आहे. सांगा त्याला."

"सांगतो," साहेब म्हणाले आणि सहीसाठी राजीनाम्याचा कागद पुढे केला.