दोन तास आधी

झाशीच्या प्रेम नगरमधल्या एका अंगणात, चार माणसांदेखत, मी एका वडीलधाऱ्या बाईंना म्हणालो होतो की तुम्ही नवऱ्याला नोकरासारखं राबवता. त्यांनी मला उलट एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर कदाचित हे लिहावं लागलं नसतं. काकूंना जाऊन आता वर्ष होत आलं, आणि त्यांच्याविषयी काही लिहायचं तर आधी हे कबूल केल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही.

आम्ही त्यांना गार्डकाकू म्हणायचो. काका मालगाडीचे गार्ड, मूळचे भुसावळचे. बदली होऊन झाशीला आले आणि इथलेच झाले. आमचं घर त्यांच्या भिंतीला लागून. आम्ही झाशीजवळच्या गुरसरायचे, कित्येक पिढ्या इकडेच, त्यामुळे माझ्या तोंडचे काही शब्द ऐकून काकूंना गंमत वाटे. ‘विनायक, तुझं मराठी माझ्या आजेसासूबाईंना बरोबर कळलं असतं,’ असं म्हणायच्या.

काकूंची एक सवय सगळ्या गल्लीला ठाऊक होती. त्या कुणालाही ऐनवेळी काही सांगत नसत. जेवायला बोलवायचं तर दोन तास आधी, कुणाला चार गोष्टी सुनवायच्या तरी दोन तास आधी. माझ्या बायकोला भिंतीवरून सांगत, ‘सुषमा, अकरा वाजता मी तुझ्याशी जरा भांडायला येणार आहे.’ दारात आलेल्या भाजीवाल्यालाही ‘भैया, अभी नहीं, दो घंटे में आना’ म्हणून परत पाठवत. तो कुरकुरत जाई आणि येईही.

ही सवय रेल्वेची. पूर्वी गाडी सुटण्याच्या दोन तास आधी ड्यूटीचं बोलावणं, म्हणजे ‘कॉल’, घेऊन कॉलमन सायकलवरून दारात यायचा. त्याच्या वहीत वेळ घालून गार्डनं सही करायची, की ड्यूटी लागली. त्या दोन तासांत काकू पोळ्या लाटत, बटाट्याची सुकी भाजी करत, गणवेशाला इस्त्री फिरवत. पुढे मोबाइलवर निरोप येऊ लागला, पण घराची शिस्त तीच राहिली. ‘दोन तास मिळाले की माणूस कुठंही जायला तयार होतो,’ हे काकूंचं ठाम मत होतं. काका ड्यूटीवर गेले की मग दुपार काकूंची. स्वयंपाकघराच्या गार फरशीवर आडवं पडून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, त्यातल्या जाहिरातीसुद्धा.

मग काका निवृत्त झाले आणि ती दुपार गेली.

छत्तीस वर्षं ज्या माणसाला सलग दोन दिवस घरचं ताट मिळालं नव्हतं, तो आता दिवसभर घरात. काका डबे हलवून ठेवत, कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळा लिहून ठेवत, फोडणी चालू असताना हातात घड्याळ घेऊन मागे उभे राहत. भलत्या वेळी झोपत, भलत्या वेळी उठत. काकूंनी सुषमाजवळ एकदाच मन मोकळं केलं. म्हणाल्या, ‘वाट कशी बघायची ते मी छत्तीस वर्षांत शिकले गं. समोर बसलेल्या माणसाची वाट कशी बघायची, ते नाही शिकले.’

त्यातून त्यांनी जो मार्ग काढला तो त्यांनाच सुचू शकत होता. एक वही आणली. तिच्यात रकाने आखले: वेळ, ठिकाण, काम, सही. सकाळी नऊला ती वही काकांपुढे ठेवायची. ‘अकराची ड्यूटी. लक्ष्मी गेट. हिंग आणि साबुदाणा.’ काका चष्मा लावून वाचत, वेळ घालून सही करत. मग दाढी, आंघोळ, बुटांना पॉलिश. अकराच्या ठोक्याला पिशवी घेऊन बाहेर. परत आले की काकू पायांवर घ्यायला पाणी ठेवत आणि ते हातपाय धुऊन बसेपर्यंत काही विचारत नसत, अगदी पूर्वीसारखं. काकूंना त्यांची दुपार मिळाली.

मी हे सगळं आमच्या गच्चीवरून बघत होतो. मला त्यात एवढंच दिसलं की साठीचा माणूस कोथिंबीर आणायला बायकोपुढे सही करतो.

त्या हिवाळ्यात एका रविवारी काकांचे दोन जुने सोबती अंगणात उन्हाला बसले होते. मलाही चहाला बोलावलं होतं, अर्थात दोन तास आधी. चहा झाल्यावर काकूंनी वही आणली, काकांनी सही केली, आणि त्यातले एक जण हसत म्हणाले, ‘गार्डसाब, अब तो भाभीजी के हुकुम पे गाड़ी चलती है.’ काकांनी मान खाली घातली. ती मान बघून माझा तोल गेला. मी बोललो: ‘काकू, काका काही तुमचे नोकर नाहीत. आयुष्यभर सह्याच केल्या त्यांनी. आता घरात तरी नोकरासारखं राबवू नका.’

काकूंनी वही मिटली आणि आत नेली.

मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगायलाच हवं. घरी येऊन मी ते सुषमाला ऐकवलं. तिनं एवढंच विचारलं, ‘काकांनी सांगितलं होतं का तुम्हाला बोलायला?’ खरं म्हणजे ते बोलणं काकूंसाठी नव्हतंच. माझे वडील निवृत्त झाल्यावर आमच्या आईनं त्यांना येताजाता टोचलं, आणि मी तरणाताठा मुलगा सगळं ऐकून गप्प बसलो. वडील गेले. तेव्हा न बोललेलं मी इतक्या वर्षांनी भलत्याच दारात बोललो.

दुसऱ्या दिवसापासून वही बंद झाली. काका दुपारपर्यंत पायजम्यात, दाढी वाढलेली. ‘मी माझ्या वेळेनं जाईन’ म्हणत आणि जात नसत. आधी भिंतीपलीकडून भांडणं ऐकू येऊ लागली. मग तीही थांबली, आणि ते जास्त वाईट होतं. होळीनंतर सुषमानं सांगितलं की काकू रविवारच्या गाडीनं पुण्याला मुलाकडे निघाल्यात. एकट्या. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

शुक्रवारी काका आमचा जिना चढून आले. कधी येत नसत. खुर्चीत बसून गुडघे चोळू लागले.

‘विनायकराव, त्या दिवशी तुम्ही माझी बाजू घेतलीत.’

मी म्हणालो, ‘मला वाटलं, तुमचे सोबती हसले म्हणून तुम्हाला लागलं.’

‘ते हसले, कारण त्यांना स्वतःच्या घरात कुणी कामाला बोलावत नाही. दोघं दिवसभर स्टेशनच्या बाकावर बसून असतात.’ मग म्हणाले, ‘मी लाजलो होतो हो. चार माणसांत बायकोनं मला कामाचा माणूस म्हटलं, म्हणून लाजलो होतो.’

मी विचारलं, मग हे काकूंना का नाही सांगितलंत? तुम्हीच वही का नाही मागितलीत?

‘मागून घेतला तर तो कॉल कसला?’ काका म्हणाले.

त्यानंतर काकू सात वर्षं झाशीतच होत्या. पुण्याला जायची ती दोघं मिळून, आणि महिन्याभरात परत. वह्या अकरा भरल्या. काकांनी त्या आपल्या जुन्या, ड्यूटीवर न्यायच्या लाइनच्या पेटीत, हिरव्या-लाल झेंड्यांबरोबर ठेवल्या आहेत. मला निवृत्त व्हायला तीन वर्षं उरलीत. सुषमानं वही आत्ताच आणून ठेवली आहे, आणि तिच्यात सही करायची मला आतापासून ओढ आहे. नवऱ्याला घरात जागा करून देणं आणि आपली जागाही राखणं, हे दोन्ही एका वहीत बसवणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. मी ते जवळजवळ मोडलं होतं, तरी त्यांनी मला परत त्याच अंगणात बसू दिलं.

काका जिना चढून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी लक्ष्मी गेटला जाऊन एक वही घेतली, पट्टीनं रकाने आखले आणि काकूंच्या दारात उभा राहिलो. आत खाटेवर बॅग उघडी होती. काकू साड्यांच्या घड्या घालत होत्या. मी तोंड उघडलं तेवढ्यात म्हणाल्या, ‘आत्ता नको. दोन तासांनी ये.’

ते दोन तास मी घरात येरझाऱ्या घालत काढले. परत गेलो तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या. काकांचे ते दोघं सोबती चहा घेत बसले होते. काकूंनीच निरोप धाडून बोलावलं होतं. काका दाढी करून, पांढरा सदरा घालून कडेला बसले होते. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. मला कुणी बसा म्हटलं नाही.

मी वही त्यांच्यापुढे धरली. माझं पाठ केलेलं भाषण केव्हाच विसरलं होतं.

‘काकू,’ मी म्हणालो, ‘त्या दिवशी याच माणसांसमोर मी तुम्हाला बोललो. मला काही ठाऊक नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नाही. तुमच्या घरातलं चालतं काम मी बंद पाडलं. माझं चुकलं. मला माफ करा, आणि काकांना कॉल द्या.’