धाकटीच्या दातांची तार

धाकटीच्या दातांना तार बसली तेव्हा मी कॉलेजात जायला लागले होते. तार खरं तर मला हवी होती. माझे वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. पण लहानपणी, शाळेत जायच्याही आधी, मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. त्यातून बरी झाले, मात्र हिरड्यांच्या आत पक्के दात घडत होते त्याच वेळी ती जहाल औषधं चालू होती. काही दात आलेच नाहीत; आले त्यांची मुळं आखूड राहिली. महाल भागातल्या आमच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, "हिला तार नको. दात ढिले होतील."

धाकटीने तारेवर बसवायला जांभळे रबर निवडले. दात ठणकतात म्हणून आई तिला वरणभात मऊ कालवून द्यायची. माझ्या मनात यायचं, सुया माझ्या वाट्याला आल्या, आणि ज्या दुखण्यातून माणूस सुंदर होतं ते हिच्या.

एकदा जेवताना ती कुरकुरली, "आई, काढून टाक नं हे. मले नाही पाहिजे."

"मग मले दे," मी म्हटलं आणि ताटावरून उठले.

आई मागोमाग आली. "काहून रडून राहिली वं?"

"पोरगी वाचली, आता दात कशाले पाहिजे, असंच वाटते नं तुम्हाले?"

 त्याच आठवड्यात आई मला धाकटीच्या तारवाल्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी एक्स-रे काढला, माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं.

"पूर्ण तार नाही लावता येणार," त्या म्हणाल्या. "फक्त वरचे पुढचे दात, अगदी हलक्या जोराने. मुळं झिजताना दिसली की तिथंच थांबायचं."

"दुखेल?"

"थोडं."

"चालेल," मी म्हटलं.

तार लागल्यावर काही महिन्यांनी एका एक्स-रेत एक मूळ किंचित झिजलेलं दिसलं आणि त्यांनी ठरल्याप्रमाणे तार उतरवली. दात बरेचसे सरळ झाले होते. एक जरा तिरपा राहिला, तो तसाच आहे. धाकटीचे मात्र एका ओळीत आले.

पुढे काटोलला मामेभावाच्या लग्नात आम्हा दोघींचा हसताना फोटो काढला. फोटो पाहून सगळे माझ्या हसण्याचं कौतुक करत होते. मी मात्र त्यात आधी तिचे दात पाहिले.