परतीचे टाके

नव्या खणाला खळीचा वास येतो, आणि मला खानापूरजवळच्या आमच्या गावातलं तापाच्या साथीचं साल आठवतं. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. माझी थोरली बहीण आक्का माहेरी, आमच्या घरी बाळंत झाली आणि चौथ्या दिवशी तापानं गेली. बाळासाठी ती नव्या खणाच्या कुंचीवर कशिदा काढत होती. त्यात सुई पुढं जाताना एकाआड एक टाका घालते आणि परत येताना मधल्या मोकळ्या जागा भरते. आक्काची परतीची ओळ राहिली होती. गेलेल्या बाईचं अर्धं काम बायका हातात घेत नाहीत, म्हणून आई कुंची चुलीत घालायला निघाली. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती काढून घेतली आणि जोत्यावर बसून ते नांगर धरणाऱ्या हातानं सुई ओढू लागले. “लोक हसत्यात आप्पा. आता बांगड्या बी भरा,” शेजारी म्हणाला. “भरीन की रं. आधी एवढी ओळ पुरी होऊ दे.” कुंची पुरी झाली, बाळानं ती दोनच दिवस घातली. आप्पांनी कुंचीसकट त्याला मातीआड केलं, घरी येऊन आंघोळ केली आणि आईला म्हणाले, “दुसरं कापड दे.” आता आमच्या घरी पुढं जाणारे टाके बायको घालते, परतीचे मी.