मास्तरांची नक्षी जिना उतरली

घरात दोन राउटर होते आणि अबोला धरलेल्या दोन जावांसारखे एका छपराखाली राहून एकमेकांशी बोलत नव्हते. वरचा घराचा, तळमजल्यावरचा भरतकामाच्या कारखान्याचा. वर पाय मोडून अंथरुणाला खिळलेले मास्तर. खाली भरतकामाचं यंत्र आणि ते चालवणाऱ्या त्यांच्या पत्नी, म्हणजे मामी.

मास्तर पडल्या पडल्या कॉम्प्युटरवर नक्षी काढत, पण ती यंत्रात भरायला मामींना दर वेळी पेनड्राइव्ह घेऊन जिना चढावा लागे. आठ महिन्यांनी मास्तरांनी हातच आखडता घेतला. "कशाला तुझी ढोपरं झिजवू? तयार नक्षी आण बाहेरून. माझा काय उपयोग आता?"

हे मामींच्या जिव्हारी लागलं. नक्षी सुटली तर हा माणूस उभा राहणार नाही, हे त्या जाणून होत्या.

भाचा नेटवर्कचीच कामं करायचा. नक्षी वरून थेट यंत्रात जाईल का, असं मामींनी फोनवर विचारलं, तर म्हणाला, "मामी, वरच्या राउटरला स्टॅटिक रूट द्यायचा. कारखान्याकडे जायचं तर कुठून, हे त्याला कायमचं लिहून द्यायचं. खालच्या राउटरची अडवणूक मी इथून काढलीय. पण बाकीचं तुमच्याच्यानं व्हायचं नाही, रविवारी येतो."

व्हायचं नाही? मामींनी कंबर कसली.

मास्तरांच्या कॉम्प्युटरवर वरच्या राउटरचं पान उघडून पहिल्या दोन रकान्यांत कारखान्याच्या नेटवर्कचे आकडे लिहिले. तिसरा रकाना गेटवेचा, म्हणजे कुठून जायचं त्याचा. तिथे थेट यंत्राचा पत्ता ठोकून दिला. नक्षी ढिम्म हलेना. दुपारभर डोकेफोड झाली. वैतागून त्या खाली आल्या आणि यंत्रात नवा दोरा ओवायला बसल्या. वरची कडी, ताणाची चकती, मग सुई... हात थबकला.

"अगं बये! जन्मभर दोरा ओवलास, आणि इथे कडी चुकवून थेट सुईच गाठलीस!"

यंत्राच्या आधीची कडी म्हणजे खालचा राउटर. वर जाऊन घराच्या बाजूने असलेला त्याचा पत्ता तिसऱ्या रकान्यात भरला.

"मास्तर, तो अर्धवट टाकलेला बगळा पाठवा."

मास्तरांनी कुरकुरत बटण दाबलं. मामी खाली पोचतात तो यंत्राच्या पडद्यावर बगळा हजर! त्यांनी तिथेच टाळी वाजवली आणि यंत्र सुरू केलं.

"अगं ए!" वरून आवाज गरजला. "थांबव! चोच वाकडी राहिलीय! तशी नाही जायची माझ्या हातून. दोन मिनिटांत दुसरा पाठवतो!"

निम्मा बगळा भरलेलं कापड फुकट गेलं होतं. मामींचे डोळे भरून आले, आणि त्या मोठ्याने हसत सुटल्या.

"पाठवा की! दहा पाठवा!"